सर्व्हरची विचारपूस

४ मार्च, सोमवार

जळजळ: दोनदा. सकाळी दहा, दुपारी चार.

डॉक्टरांनी सांगितलंय, पोटात जळजळ कधी होते ते रोज वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी दाखवा. म्हणून ही वही. बायको म्हणाली, तुझं दोन ओळींत भागायचं नाही. बघू.

दहाची जळजळ साहेबांमुळे. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबतं. तो फोन आमच्या टेलिफोन सर्व्हरवर येतो, सर्व्हर तो ऑपरेटरबाईंना जोडतो आणि बाई मेकॅनिक धाडतात. सर्व्हर सांभाळणं माझ्याकडे. नऊ वर्षं झाली. शनिवारी एक शिक्षिका चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या आणि सात मिनिटं त्यांना नुसता एंगेज टोन ऐकू आला. त्या सात मिनिटांत आमच्याकडे एकही फोन चालू नव्हता. ऑपरेटरबाई स्वेटर विणत होत्या. शिक्षिकाबाईंनी तीन पानी पत्र पाठवलंय. शुद्धलेखनाची एक चूक नाही, त्यामुळे जास्तच लागतं.

साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत हे थांबलं नाही तर टेलिफोनचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. "आणि माझं काय?" असं मी विचारलं नाही. ज्याचं उत्तर ठाऊक आहे तो प्रश्न विचारू नये, असं माझं मत आहे.

चारची जळजळ मात्र उगाच झाली. त्या वेळी मी काहीच करत नव्हतो, आईला फोन करत होतो.

६ मार्च, बुधवार

जळजळ: तीनदा.

सर्व्हर दमतोय, एवढं नक्की. आत्तापर्यंत पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला आता वीस मिनिटं लागतात आणि अधूनमधून तो सरळ एंगेज टोन देऊन मोकळा होतो. दिवसाला फोन किती, तर जेमतेम दोनशे. दोनशे फोनांनी दमायला तो काय सरकारी खिडकीवर बसलाय?

साहेबांना म्हटलं, आधी त्याच्यावर नीट नजर ठेवली पाहिजे. साहेबांना पटलं. नजर ठेवणं त्यांना नेहमीच पटतं. त्यांच्या केबिनमध्ये आज भिंतभर टीव्ही लागला: किती फोन आले, किती थांबलेत, कोण बोलतंय, सगळं दर सेकंदाला ताजं. तो बघून विक्रीवाल्यांनीही एक मागितला, मग हिशेबवाल्यांनी, मग दुरुस्तीवाल्यांनीही. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्याकडे चालत नाही. सात स्क्रीन होते, आज अकरा झाले. आता मुंगी शिरली तरी कळेल.

घरचंही नीट चाललंय. आई एकटी राहते, बसने वीस मिनिटांवर. जानेवारीत तिला बाथरूममध्ये चक्कर आली आणि तेव्हापासून आम्ही तिन्ही भावंडं डोळ्यांत तेल घालून आहोत. मी दिवसातून चार फोन करतो. ताई पाच करते, कारण ती मोठी. धाकटा परगावी असल्याने त्याला अपराधी वाटतं, तो सहा करतो. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलंय, त्या येता-जाता बेल वाजवतात. आई सुरक्षित आहे.

८ मार्च, शुक्रवार

जळजळ: मोजली नाही. सलगच होती.

अकरा स्क्रीन लागल्यापासून प्रकरण सुधारायच्या ऐवजी चिघळलंय. काल एक दंतवैद्य आणि त्यांचा पेशंट एकाच लिफ्टमध्ये अकरा मिनिटं अडकले. पेशंटचा जबडा आधीच बधिर केलेला, त्यामुळे आम्हाला शिव्या देण्याचं सगळं काम एकट्या डॉक्टरांवर पडलं. त्यांनी ते चोख केलं.

शेवटी मी एक युक्ती काढली. सर्व्हरवर भार नक्की कशाचा पडतो हे मोजणारा आणखी एक प्रोग्रॅम बसवला. बाराला बसवला आणि सव्वाबाराला सर्व्हर आडवा झाला. दमेकऱ्याला किती धाप लागते हे बघायला त्याच्याच छातीवर बसावं, तसं झालं. पण आडवा व्हायच्या आधी त्या प्रोग्रॅमने पंधरा मिनिटांची नोंद ठेवली होती. दुपारभर कागदावर आकडे मांडले आणि डोळे उघडले.

दिवसाला दोनशे फोन. आणि "कसा आहेस, काय चाललंय, कोण बोलतंय" असं सर्व्हरला दिवसातून विचारलं जातं ते अठरा लाख वेळा. प्रत्येक वेळी तो बिचारा हातातलं काम टाकून आमच्या तीनशे चाळीस लिफ्टमधल्या फोनांची यादी पहिल्यापासून वाचून दाखवतो. यादी संपते न संपते तोच दुसरा स्क्रीन विचारतो. त्या गर्दीत एखादी शिक्षिका लाल बटण दाबते आणि तिचा नंबरच लागत नाही.

हे अठरा लाख आले कुठून, तेही काढलं. आमचे अकरा स्क्रीन मिळून साडेनऊ लाख. उरलेले साडेआठ लाख एकाच पत्त्यावरून येतात, सेकंदाला दहा वेळा. तो पत्ता कोणाचा, हे कोणालाच माहीत नाही.

यामागे कोणीतरी आहे.

१० मार्च, रविवार

जळजळ: एकदा, आईकडे.

आईकडे गेलो होतो. तासाभरात तिचा फोन पाच वेळा वाजला. दोनदा ताई, दोनदा धाकटा, एकदा माझी बायको, "सहज". ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसली होती. आडवे सात लिहायला पेन टेकवलं की घंटी. पाचव्यांदा रिसीव्हर ठेवून ती म्हणाली, "मी जिवंत आहे हे सांगण्यातच माझा दिवस जातो. जगू कधी?"

वय झालं की माणसं चिडचिडी होतात. पोटच्या पोरांनी काळजी करायची नाही तर कोणी करायची? मी मनावर घेतलं नाही. हॉलमध्ये छोटा कॅमेरा बसवून आलो, म्हणजे फोन न करताही मला ऑफिसातून दिसत राहील. तिचा त्रास वाचेल.

निघताना तिने विचारलं, तू जेवतोस का वेळेवर? मी म्हटलं, हो हो. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली.

११ मार्च, सोमवार

जळजळ: चारदा.

कॅमेऱ्यात सकाळपासून अंधार आहे. बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं. आईने त्याला लोकरीची टोपी घातली आहे. गोंड्याची. माझी, दुसरीतली.

म्हणून फोन करावे लागले. सात केले.

साहेबांना त्या अज्ञात पत्त्याबद्दल सांगितलं. बाहेरच्या कोणाचा तरी हात असावा, असंही सुचवलं. "हल्ला" हा शब्द मी वापरला नाही, साहेबांनी वापरला. मी फक्त नाकारला नाही. सर्व्हरच्या खोलीचं कुलूप बदललं, रखवालदाराला ओळखपत्रं दोनदा तपासायला सांगितलं. त्याने पहिलं माझंच तपासलं, दोनदा. हिशेब विभागातला एक जण हल्ली फार हसतो. त्याच्यावर माझं लक्ष आहे.

१३ मार्च, बुधवार

जळजळ: एकदा, पण सौम्य.

आजची मीटिंग मी जिंकली. सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, तो सर्व्हर जिवंत आहे हे सांगण्यातच त्याचा दिवस जातो. त्याने काम करायचं कधी?"

साहेबांनी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं. मला अशी वाक्यं ऐन वेळी सुचतात, हा एक गुणच म्हणायचा.

उपायही मांडला. सर्व्हरला कोणीही येऊन विचारायचं नाही. एकच प्रोग्रॅम राहील आणि तोही विचारणार नाही, नुसता कान देऊन बसेल. फोन आला, फोन संपला, काही बिघडलं, की सर्व्हर आपण होऊन त्याला सांगेल. तो ते दर पाच सेकंदांनी फळ्यावर लिहिल्यासारखं लिहून ठेवेल. अकरा स्क्रीनवाल्यांनी फळा वाचायचा, सर्व्हरच्या दारात जायचं नाही.

साहेबांचा जीव तुटत होता. म्हणाले, म्हणजे माझ्या टीव्हीवर पाच सेकंदांपूर्वीचं दिसणार? तेवढ्यात दारापाशी सही घ्यायला उभ्या असलेल्या ऑपरेटरबाई म्हणाल्या, "त्या पाच सेकंदांत तुम्ही काय करणार होता, साहेब?"

साहेबांनी बराच विचार केला. मग सही केली.

१४ मार्च, गुरुवार

जळजळ: आज जे झालं त्याला जळजळ म्हणत नाहीत.

अकरा स्क्रीन सकाळीच फळ्यावर आणले. अर्धा भार उतरला. उरला तो अज्ञात पत्ता, सेकंदाला दहा वेळा विचारणारा. ठरवलं, आता तार हातात धरून जायचं. सर्व्हरच्या खोलीतून निघालो. तार भिंतीवरून गेली, प्रिंटरमागून गेली, हिशेबवाल्यांच्या खोलीला वळसा घालून गेली (मला वाईट वाटलं), ऑपरेटरबाईंच्या टेबलाखालून गेली आणि माझ्या खोलीत शिरली. माझ्या टेबलाखाली, पाय ठेवायच्या पट्टीमागे, एक जुना कॉम्प्युटर होता. चालू. वर एक स्टीलचा डबा.

डबा बाईंचा. बोलावून विचारलं. म्हणाल्या, "ते मशीन तुमचंच ना? सदा गरम असतं. मी नऊ वर्षं डबा ठेवते त्याच्यावर."

आत पाहिलं. एकच प्रोग्रॅम चालला होता. बारा ओळींचा. नाव: आहेस का.

मग आठवलं. नोकरीचा पहिला आठवडा. मला फार भीती वाटायची की मी जरा मान वळवली आणि सर्व्हर बंद पडला तर. म्हणून हा लिहिला. आधी सेकंदाला एकदा विचारत होता. त्याने जिवाला स्वस्थता मिळेना, म्हणून दहादा केला. मग हळूहळू भीती गेली, मी स्वतः प्रोग्रॅमला विसरलो आणि तो विचारतच राहिला. एकट्याचा जाच सर्व्हरने नऊ वर्षं सोसला. वरून अकरा जण आले तेव्हा त्याची कंबर मोडली.

बंद केला. उत्तरं साठवायची सोयच मी त्यात ठेवलेली नव्हती. नऊ वर्षं विचारत होतो आणि सर्व्हर काय म्हणाला ते एकदाही पाहिलं नव्हतं.

आता साहेबांना सांगायचं काय?

१५ मार्च, शुक्रवार

जळजळ: सकाळी अकरापर्यंत. नंतर नाही, हे नवल.

अहवालात लिहिलं: "एक जुना प्रोग्रॅम आढळून आला व तो बंद करण्यात आला." कोणाचा, कुठे आढळला, याला भाषेने छान बगल दिली होती. साहेब खूश. पाठीवर थाप मारणार एवढ्यात ऑपरेटरबाई डबा घेऊन थेट आत आल्या आणि मला म्हणाल्या, तुमचं टेबलाखालचं मशीन कालपासून बंद आहे, माझा डबा थंडगार झाला.

साहेबांनी अहवाल पाहिला, डबा पाहिला, मग मला पाहिलं. "म्हणजे हल्ला करणारे तुम्हीच."

मी म्हटलं, हो. आणि मग सगळंच सांगितलं, पहिल्या आठवड्यातल्या भीतीसकट. आपण कसे दिसतोय याचा विचारच केला नाही. साहेब टीव्हीकडे वळले. टीव्ही पाच सेकंदांपूर्वीचं दाखवत होता. मग म्हणाले, खरी गर्दी झाल्यावर कळेल. तोवर बाहेरच्या कंपनीला थांबवतो. नोकरी टांगणीला आहे, पण सुळावरून उतरली.

१६ मार्च, शनिवार

जळजळ: दुपारी, बसमध्ये.

आईचा फोन बारा वाजल्यापासून एंगेज. साडेबारा, एंगेज. एक, एंगेज. ताईने मला फोन केला, मी तिला, धाकट्याने दोघांना. काकू गावाला गेलेल्या. कॅमेऱ्यावर टोपी. दोन वाजता मी आणि ताई एकाच वेळी आईच्या दाराशी पोचलो, ताईच्या पायात दोन वेगळ्या चपला. बेल वाजवली. दार वाजवलं. माझ्या हातून किल्ली दोनदा खाली पडली.

तेवढ्यात आईनेच दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणाली, कोणाला काय झालं?

रिसीव्हर तिने काढून बाजूला ठेवला होता. झोपली होती. दोन तास सलग, जानेवारीपासून पहिल्यांदा. ताई रडायला लागली. आईने तिला पाणी दिलं, मला खुर्ची दिली. मी ऑफिसची हकिगत सांगत सुटलो. अठरा लाख, टेबलाखालचं मशीन, डबा, फळा. सर्व्हरला आता कोणी विचारत नाही, काही असलं तर तो आपण होऊन सांगतो, हेही सांगितलं. माझं ते मीटिंगमधलं गाजलेलं वाक्यही ऐकवलं.

ताईने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "अरे, हे आईचं वाक्य आहे. मला तर ती रोज ऐकवते."

आई हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "त्या यंत्राची दया आली तुला."

एवढंच. पण मला मान वर करता येईना. मी दहा तारखेची नोंद आत्ता परत वाचली. स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि लिहूनही वाचलं नव्हतं.

मग आईने नियम घातले. सकाळी नऊला ती स्वतः ताईला फोन करेल. बाकीच्यांनी ताईला विचारायचं. पुन्हा चक्करसारखं वाटलं तर ती तिघांपैकी जो जवळ असेल त्याला कळवेल. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी आणि बाथरूममध्ये लावून झाले आहेत. "आणि मी फोन करेन म्हटलं की करेन. तुम्हाला सांभाळलंय मी, मला न विचारता."

टोपी मी घरी आणली. कॅमेराही.

१७ मार्च, रविवार

जळजळ: दिवसभर, थोडी थोडी.

सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी ताईचा निरोप: आई ठीक. त्यानंतर दिवसभर मी आईला फोन केला नाही. हे लिहायला सोपं आहे. बायकोने माझा फोन धान्याच्या डब्यांमागे ठेवला आणि मला माळा आवरायला लावला. माळा आवरून झाला तरी पाच वाजले नव्हते.

एखाद्याची खबर विचारणं सोपं असतं. खबर येईपर्यंत विश्वास ठेवून बसणं भारी कठीण.

१८ मार्च, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्ध्या शहराची वीज गेली, आमच्या ऑफिसची तेवढी राहिली. जिथे जिथे लिफ्ट होती तिथे तिथे ती मध्येच थांबली आणि सगळ्यांनी एकदम लाल बटण दाबलं. एका मिनिटात एकसष्ट फोन. इतके आम्हाला एकदम कधीच आलेले नाहीत.

साहेब टीव्हीसमोर, मी सर्व्हरच्या खोलीत, बाईंच्या मदतीला विक्रीवाले आणि हिशेबवाला. तो हसरा माणूस फोनवर काय गोड बोलतो! पंधराव्या मजल्यावर अडकलेल्या एका आजोबांना त्याने वीज येईपर्यंत कोडी घातली. मी सर्व्हरकडे नुसता बघत होतो. हात शिवशिवत होते, एकदा विचारून बघावं, कसा आहेस. विचारलं नाही. एकसष्टच्या एकसष्ट फोन लागले. एंगेज टोन एकालाही नाही. चाळीस मिनिटांनी वीज आली. शेवटचा माणूस सुटला तेव्हा साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन टीव्ही बंद केला आणि बाईंना विचारलं, डबा गरम करायला मशीन आणून देऊ का?

बाहेरच्या कंपनीला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितलं.

त्या चाळीस मिनिटांत मला आई आठवली नाही, असं नाही. तिच्याकडेही वीज गेलेली. तिच्या इमारतीतही लिफ्ट आहे. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी हात फोनकडे गेला होता. मग तिचं "करेन म्हटलं की करेन" आठवलं आणि फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी सहाला घरी आलो, चपला काढतोय तोच फोन वाजला. आई. म्हटलं, काय झालं? बरी आहेस ना?

म्हणाली, तिला काही झालेलं नाही. वीज गेली तेव्हाच तिला वाटलं होतं की माझ्याकडे गडबड उडाली असेल, म्हणून तिने मुद्दाम मध्ये फोन केला नाही. आता कामाची वेळ संपली म्हणून करतेय. आणि मग म्हणाली, "तू कसा आहेस?"

मी म्हटलं, बरा आहे.

ती काही बोलली नाही. परत विचारलंही नाही. नुसती फोन धरून थांबली. पलीकडे तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. जानेवारीपासून मी तिला शेकड्याने फोन केले असतील, पण ते घड्याळ मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मग मी म्हणालो, बरा नाहीये गं. झोप लागत नाही. पोटात सारखी आग होते. तू पडलीस त्या दिवसापासून. मला वाटतं, मी जरा मान वळवली आणि तू परत पडलीस तर.

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."

आम्ही पाऊण तास बोललो. तिचं आडवे सात सुटलंय. मी स्टुलावर बसून जेवायच्या आधीच अर्धी भाकरी खाल्ली, ते तिला ऐकू आलं.

उद्या डॉक्टरांना ही वही दाखवायची आहे. आजच्या जळजळीची नोंद राहिलीच. कधी झाली होती का, ते आठवत नाही.